कॅमेरा कुठला, त्याआधी पाणी कुठलं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्याचे एक वाचक, वय ४१, गेली दहा-बारा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढतात. जवळ निकॉन डी७५० आणि २००-५०० मिलिमीटरची लेन्स आहे. गेल्या वर्षी अंदमानात, स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक), त्यांनी ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, केला. आतापर्यंत एकूण ११ डाइव्ह झाल्या. तिथं भाड्यानं घेतलेल्या ॲक्शन कॅमेऱ्यावरचे फोटो त्यांना अजिबात आवडले नाहीत. सगळं निळं-हिरवं, मळकट, मासे लांब. आता डी७५०साठी ॲल्युमिनियमचं हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीचं पाणीबंद कवच), डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार काच) आणि दोन स्ट्रोब (पाण्याखाली चालणारे फ्लॅश) घ्यायचा विचार आहे आणि त्यासाठी साडेचार लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. सासुरवाडी मालवणजवळ देवबागला, त्यामुळं दर वर्षी तिथं जाणं होतंच. डिसेंबरात मित्रांबरोबर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जायचं ठरलंय. एक मित्र म्हणतो, ॲक्शन कॅमेरा पुरे. दुकानदार म्हणतो, घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या. पत्नी विचारते, ‘एवढे फोटो काढून त्यांचं करणार काय?’ काय घ्यावं?

नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेले सहा फोटो मी सावकाश पाहिले. कासवाचा फोटो तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेला दिसतो. त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘हाच चांगल्या कॅमेऱ्यानं काढला असता तर?’ तिथूनच सुरुवात करतो. माझ्या मते तुमच्या डी७५०नंही तो जवळपास असाच आला असता.

खोली ११ मीटर होती असं तुम्ही लिहिता, आणि फोटोवरून कासव तुमच्यापासून तीनेक मीटर लांब दिसतं. म्हणजे उन्हाचा उजेड ११ मीटर पाणी कापून कासवापर्यंत पोचला आणि तिथून आणखी ३ मीटर पाणी कापून कॅमेऱ्यात शिरला. एकूण १४ मीटर पाणी झालं. पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पहिल्या पाचेक मीटरांतच त्याचा बहुतेक भाग संपतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. खोल पाण्यात कुणाचं बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं, ते यामुळंच. कासवाच्या पाठीवरचा तपकिरी-सोनेरी रंग टिपायला लागणारा उजेड तिथवर उतरलाच नव्हता. मग दोन लाखांचा सेन्सर तरी तो कुठून आणणार? आणि मधल्या तीन मीटरांत तरंगणारे कण होते, ते वेगळेच. तुम्हाला फोटो मळकट वाटतो तो त्या कणांमुळं, लेन्समुळं नव्हे.

तुम्ही पक्षीवाले आहात, म्हणून हे जरा लांबवून सांगतो. भिगवणला बोटीत बसून तुम्ही रोहित टिपता तेव्हा तुमच्यात आणि पक्ष्यात ४०-५० मीटर हवा असते, आणि सकाळची हवा स्वच्छ असेल तर तिचा तुम्हाला त्रास होत नाही. लांबचं जवळ आणायचं काम लेन्स करते. दहा वर्षांत हाताला ही सवय इतकी मुरलेली असते की पाण्यातही आपण आपसूक मागं थांबतो आणि झूम करतो. पाण्यात ती सवय उलटते. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट. त्यात लांबून काढलेला फोटो जवळ आणता येत नाही. फक्त मधलं पाणी मोठं करून दिसतं. तुमची २००-५०० पाण्याखाली निरुपयोगी आहे. तिथं दोनच प्रकारच्या लेन्स चालतात: खूप रुंद, म्हणजे मोठ्या वस्तूच्याही अगदी अंगाशी जाता येतं, किंवा मॅक्रो, म्हणजे छोट्या वस्तूच्या नाकाशी. दोन्हीत हेतू एकच, मधलं पाणी कमी करणं. मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा की हात लांब केल्यावर जिथं बोट पोचेल, त्याच्या फार पलीकडचा फोटो काढायचा नाही.

आणखी एक फसगत असते. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा साधारण पाव अंतरानं जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. म्हणजे ‘पुरेसा जवळ आलो’ असं वाटतं तेव्हाही आपण लांबच असतो.

तेव्हा पत्रात गृहीत धरलेली पहिली गोष्ट, की फोटो कॅमेऱ्यामुळं बिघडले, ती मला पटत नाही. ते अंतरामुळं आणि उजेड नसल्यामुळं बिघडले. जवळ जायला पैसे पडत नाहीत. उजेडाला पडतात, आणि त्यावर खर्च करावा असं मी आवर्जून सांगेन. स्ट्रोब वस्तूपासून अर्ध्या मीटरवर असेल तर त्याचा उजेड जाऊन-येऊन एकच मीटर पाणी पार करतो. चौदाच्या जागी एक. त्या एका मीटरमध्ये लाल रंग शाबूत असतो. आपल्याला नुसता काळपट दिसणारा स्पंज एका फ्लॅशमध्ये शेंदरी निघतो, तो क्षण अजूनही माझ्या छातीत धडधड करतो.

आता शीर्षकातला प्रश्न. तुम्ही बहुतेक डाइव्ह कुठं करणार? अंदमानला वर्षाआड गेलात तरी खूप. तुमचं हक्काचं पाणी देवबाग-मालवणचं आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, गाळ आणते. पावसाळ्यानंतर सूक्ष्म वनस्पती पाण्यात भरून असतात, त्यामुळं आपलं पाणी निळं न दिसता हिरवं दिसतं. चांगल्या दिवशी मला तिथं पाच-सात मीटर दिसलं आहे, वाईट दिवशी दोन. बोटवाला सकाळी पाण्याकडं बघून ‘आज पाणी निवळ आसा’ म्हणाला तरी ते निवळ म्हणजे अंदमानचं निवळ नव्हे. अशा पाण्यात डोम पोर्ट आणि दोन स्ट्रोब घेऊन रुंद दृश्यं टिपायला गेलात तर स्ट्रोबचा उजेड मधल्या प्रत्येक कणावर पडून परत येतो आणि फोटोभर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. स्ट्रोब दोन्ही बाजूंना लांब पसरले की ते कमी होतात, पण दोन मीटर दृश्यतेच्या पाण्यावर त्याचा उपाय नाही.

त्याच पाण्यात मॅक्रो मात्र बहरतो. वीतभर पाण्यात कण कितीसे असणार? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, कालवांच्या कवचांच्या मधून, बोटाच्या पेराएवढे रंगीत न्युडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी), पारदर्शक कोळंब्या, बिळातून डोकं काढणारे ब्लेनी मासे असतात. बहुतेक पर्यटक त्यांच्यावरून पोहत जातात, कारण ते मोठे मासे शोधत असतात. झुडपातला वटवट्या शोधण्यात तुमची दहा वर्षं गेली आहेत. ही नजर तुमच्याकडं तयार आहे, आणि ती दुकानात मिळत नाही. मालवणचं पाणी वाईट म्हणून नाक मुरडणाऱ्यांत तुम्ही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नेत्राणीचं वेगळं. मुरुडेश्वरहून बोटीनं जावं लागतं, बेट किनाऱ्यापासून आत आहे, आणि डिसेंबरात तिथं बऱ्याचदा १० मीटरच्या पुढं दिसतं. तिथं रुंद लेन्सचा मोह होईल. होऊ दे. पण वर्षातून एका सहलीसाठी साडेचार लाख गुंतवायचे का, हे त्या हिशेबानं बघा.

डी७५०बद्दल. तो उत्तम कॅमेरा आहे, म्हणूनच त्याला पाण्यात नेऊ नका. एक तर हाउसिंग एकाच मॉडेलसाठी घडवलेलं असतं; प्रत्येक बटण त्या बॉडीच्या बटणावर बरोबर बसावं लागतं. डी७५० आला २०१४ साली, आता तो बनत नाही. उद्या तो बंद पडला किंवा तुम्ही मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या धर्तीच्या कॅमेऱ्याकडं वळलात, की कॅमेऱ्याहून महाग हाउसिंग कपाटात पडून राहणार. दुसरं, फुल फ्रेमला, म्हणजे डी७५०सारख्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला, डोममागं कडा धारदार हव्या असतील तर एफ/११ किंवा त्याहून लहान छिद्र लागतं, म्हणजे आणखी उजेड, म्हणजे आणखी मोठे स्ट्रोब. तिसरं, मास्क घालून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं फार अवघड जातं. त्यासाठी वेगळा व्ह्यूफाइंडर मिळतो, त्याचे पुन्हा वेगळे पैसे. आणि हे सगळं मिळून जे वजनदार धूड तयार होतं, ते ११ डाइव्ह झालेल्या माणसाच्या हातात नसावं. हे शेवटचं कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं आहे. त्याकडं पुढं येतो.

मित्र म्हणतो तो ॲक्शन कॅमेरा? देवबागला मुलांबरोबर स्नॉर्केल करताना, बोटीवर, व्हिडिओसाठी, त्याच्यासारखं सोपं काही नाही. गोप्रो हाउसिंगशिवाय १० मीटर जातो, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ तर १८. पण त्याचा फोकस ठरलेला असतो, वरून वेगळी मॅक्रो लेन्स लावल्याशिवाय वीतभरावरची वस्तू धूसर येते, आणि त्याला स्ट्रोब जोडता येत नाही, फक्त सतत जळणारा दिवा. तुम्हाला जे हवंय ते त्यातून निघणार नाही. मित्राचं चुकलं नाही, त्याला व्हिडिओ हवा आहे.

मी तुमच्या जागी असतो तर एक छोटा, धट्टाकट्टा कॉम्पॅक्ट घेतला असता. ओएम सिस्टिमचा टीजी-७ (२०२३ साली आलेला), किंवा त्याआधीचा ऑलिंपसचा टीजी-६ जुना पण नीट राखलेला मिळाला तर तोही चालेल. दोन्ही १५ मीटरपर्यंत उघडे चालतात असं कंपनी म्हणते. तरी डाइव्हला त्यावर विसंबू नका, ४५ मीटरचं त्यांचं हाउसिंग घ्याच. म्हणजे कॅमेऱ्याला दोन कवचं होतात आणि बाहेरचं फुटलं तरी आतला तगून जाण्याची चांगली आशा असते. यांचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची, फाइल मिळते. उणीव सांगायची तर सेन्सर लहान आहे आणि पूर्ण मॅन्युअल मोड, म्हणजे सगळं हातानं ठरवायची सोय, नाही. डी७५०ची सवय असलेल्या माणसाला ते खुपेल. फारच खुपलं तर सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला एखादा, त्याला हाउसिंग, आणि हाउसिंगच्या बाहेरून पाण्यातच लावता-काढता येणारी क्लोज-अप लेन्स. हा रस्ता थोडा महाग आहे, पण पूर्ण मॅन्युअल मिळतो.

त्याच्या जोडीला एक स्ट्रोब. दोन नकोत, एकच, ट्रे आणि वाकणाऱ्या दांड्यासह. कॉम्पॅक्टचा स्वतःचा छोटा फ्लॅश फायबर-ऑप्टिक केबलमधून त्याला इशारा देतो. स्ट्रोबऐवजी टॉर्च चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. अगदी जवळच्या, न हलणाऱ्या वस्तूला चालेल. फोकस पकडायला तर एक छोटी टॉर्च हवीच. पण क्षणभरात स्ट्रोब जो उजेड ओततो तो टॉर्चला जमत नाही, आणि हलता मासा त्या क्षणातच गोठतो. लाल फिल्टर मात्र विकत घेऊ नका. तो निळ्या, नितळ पाण्यात, दिवा न लावता काढलेल्या फोटोंसाठी आहे. आपल्या हिरव्या पाण्याला लागतो तो गुलाबी-जांभळट छटेचा, आणि स्ट्रोब असल्यावर दोन्हींची गरज नाही.

या सगळ्याला माझ्या अंदाजानं तुमच्या रकमेचा तिसरा हिस्सा लागेल. उरलेल्यातून स्वतःचा नीट बसणारा मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) घ्या. आणि बाकीचे पैसे डाइव्हवर खर्च करा. मालवणला दर थंडीत दोन सहली, एक नेत्राणी, मधे एक अंदमान. चाळीसेक डाइव्ह झाल्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल की तुम्ही रुंद दृश्याचे आहात की मॅक्रोचे, आणि तेव्हा मोठं हाउसिंग घ्यायचं असेल तर कुठल्या बॉडीसाठी. दुकानदाराचं ‘एकदाच चांगलं घ्या’ पुस्तकाच्या कपाटाला लागू आहे. ज्या कामात आपण अजून बदलत आहोत, त्याला नाही.

आता ११ डाइव्हबद्दल, जरा थेट बोलतो. या टप्प्यावर बहुतेकांचा तरंगण्यावर ताबा आलेला नसतो. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. हातात कॅमेरा आला की लक्ष पडद्यावर जातं; खोली, हवा, जोडीदार तिन्ही सुटतात. मी दोन अनुभवी माणसांना फोटोच्या नादात टाकीतल्या हवेचा दाब १०० बारवरून ५० बारवर कधी आला हे न कळलेलं पाहिलंय. ५० बार घेऊन तर आपल्याला पृष्ठभागावर पोचायचं असतं. म्हणून प्रत्येक तीन-चार फोटोंनंतर गेज, मग जोडीदार, मग पुन्हा कॅमेरा. आणि नेत्राणीआधी जमलं तर पुण्यातल्याच एखाद्या जलतरण तलावात, डाइव्ह शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली, एक सराव करा: तळाशी एक नाणं ठेवा, त्याच्यावर वीतभर उंचीवर तळाला न टेकता दोन मिनिटं स्थिर राहा, आणि त्याचे वीस फोटो काढा. वीसपैकी पंधरा नीट आले की समुद्रात कॅमेरा न्या.

याला दुसरीही बाजू आहे. तोल न सांभाळता येणारा फोटोग्राफर प्रवाळावर गुडघा टेकतो, हातानं खडक धरतो, फिन्सनं गाळ उडवतो. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ साली रीफ बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आले. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो काढायला तुम्ही फांदी मोडत नाही, हे मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरूनच कळलं. तीच शिस्त इथं लावा. माशामागं पोहू नका, तो फक्त पळणारी शेपटी देईल. त्याच्या बिळापासून थोड्या अंतरावर स्थिर थांबा, श्वास सावकाश घ्या. श्वास रोखायचा मात्र नाही, स्कूबात तो कधीच रोखायचा नाही. काही मिनिटांत मासा तुम्हाला खडकाचा भाग समजून बाहेर येतो. आडोशात बसून पक्ष्याची वाट बघणं आणि हे, यांत मला कधीच फरक वाटला नाही.

पत्नीच्या प्रश्नावर तुम्ही थोडे चिडलेले दिसता. मला तो विरोध वाटला नाही. या सगळ्या पत्रव्यवहारात नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. फोटोंचं काय करणार, यावर गिअर ठरतं. भिंतीवर चार फुटी छाप लावायची असेल तर मोठ्या सेन्सरला अर्थ आहे. मुलांना आणि गावातल्या लोकांना त्यांच्याच समुद्रात काय राहतं ते दाखवायचं असेल तर टीजी-७ पुरून उरेल. देवबागच्या माणसांनी तांबोशी आणि गोबरा जाळ्यात आणि ताटात पाहिलेत. स्वतःच्या बिळातून बाहेर बघणारा गोबरा त्यातल्या फार थोड्यांनी पाहिलाय. तुमच्या पत्नीचं माहेर तिथलं आहे. हा प्रश्न घेऊन दोघं एक संध्याकाळ बसा, असं मी सुचवेन.

इतर वाचकांसाठी इथंच एक सांगतो, कारण याबद्दल बरीच पत्रं येतात: फोन ‘वॉटरप्रूफ’ आहे म्हणून समुद्रात नेऊ नका. ती चाचणी स्थिर गोड्या पाण्यात घेतलेली असते, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. प्लॅस्टिकचं पाऊच गुडघाभर पाण्यापुरतं. फोनच वापरायचा असेल तर डाइव्हसाठी बनवलेली कडक हाउसिंग मिळतात, ती बघा.

राहिली ओ-रिंग. दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, आणि हा सगळा दाब तुमच्या कॅमेऱ्यापासून अडवणारी वस्तू म्हणजे एक रबरी कडं. माझं एक हाउसिंग एका केसामुळं बुडालं. तारकर्लीला पहाटे घाईघाईत, टॉवेल खांद्यावर असताना, मी ते बंद केलं होतं. पाण्यात शिरल्यावर तीन मीटरवरच कडेनं बारीक बुडबुड्यांची माळ दिसली, तेव्हाच वर यायला हवं होतं. मी ‘हवा असेल अडकलेली’ म्हणून खाली गेलो. त्या कॅमेऱ्यावर आई-वडिलांच्या शेवटच्या कोकण सहलीचे फोटो होते. कार्ड वाचलं, कॅमेरा गेला. पाणी बरेचदा असंच पहिल्या काही मीटरांत शिरतं, खोलवर उलट दाबानं ओ-रिंग घट्ट बसते. बुडबुडे दिसले तर काच खालच्या बाजूला धरा, जोडीदाराला खूण करा आणि नेहमीच्याच संथ गतीनं वर या. कॅमेऱ्यासाठी वर धावायचं नाही.

म्हणून हाउसिंग आदल्या रात्रीच, पंखा बंद करून, कोरड्या हातांनी आणि पुरेशा उजेडात तयार करा. ओ-रिंग बोटांनी काढा, टोकदार काही वापरू नका. बोटातून फिरवत नेली की वाळूचा कण लगेच जाणवतो. त्या कंपनीनं सांगितलेलंच सिलिकॉन ग्रीस, चमक येण्यापुरतं. ग्रीस पाणी अडवत नाही, ओ-रिंगला नीट बसू देतं, जास्त झालं तर धूळ गोळा करतं. आत सिलिका जेलची एक पुडी, म्हणजे काचेवर वाफ धरणार नाही. डाइव्हनंतर गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास, बुडालेलं असतानाच सगळी बटणं दाबायची, आणि मग सावलीत. अंदमानच्या विमानात हाउसिंग ओ-रिंग काढून न्या, नाहीतर उतरल्यावर दाबामुळं झाकण उघडता उघडत नाही. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

नेत्राणीच्या पहिल्या डाइव्हला कॅमेरा बोटीवरच राहू द्या. हाउसिंग तेवढं खाली न्या, आत टिश्यू पेपर आणि कॅमेऱ्याच्या वजनाची एखादी वस्तू ठेवून, नाहीतर ते वर उसळेल. त्या पाऊण तासात लक्ष मोकळं असेल, बिळं कुठं आहेत, कोण कुठून बाहेर येतं, उजेड कुठल्या बाजूनं पडतो ते बघून ठेवा. वर आल्यावर टॉवेलनं केस आणि हात पुसा, हाउसिंग बाहेरून पूर्ण कोरडं करा, मग उघडा. कागद कोरडा निघाला तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा आत जाऊ दे.